पहिलं फावडं कुणी उचललं

"पण पहिलं फावडं कुणी उचललं, बाबा?"

सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा सुपडूबाबा पाण्याकडे बघत होते. तिसऱ्या वेळीही पाण्याकडेच बघत होते.

आखाजीचा दिवस होता, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशातलं ऊन असं, की वर उडणारी घार घटकाभर स्वतःच्याच सावलीत बसायला खाली यायची. पाटाच्या कडेच्या चिंचेखाली दोघं बसले होते. पाटाच्या अलीकडे चिंचटेक, पलीकडे बोरटेक. उन्हाच्या वाफेत दोन्ही गावं जमिनीपासून हातभर वर उचलली गेली होती आणि हळूहळू हलत होती. कुणी मोठ्यानं बोललं असतं तर कदाचित वाहूनही गेली असती.

"कोणतं फावडं?" बाबा म्हणाले.

सरांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली.

हे सर म्हणजे पुण्याचे डॉक्टर अच्युत रिसबूड. जगातली युद्धं नेमकी कुठे सुरू झाली, यावर त्यांचा साडेसातशे पानांचा ग्रंथ आहे. कोणतंही महायुद्ध विचारा, तारीख तर सांगतीलच, पण मिनिटही सांगतील आणि त्या मिनिटाला वारा कोणत्या दिशेनं होता तेही. एका परिषदेत त्यांनी एका शंभर वर्षांच्या युद्धाची सुरुवात अकरा दिवस मागे नेऊन दाखवली होती, तेव्हा दोन देशांचे प्राध्यापक जेवण सोडून उठले होते, असं म्हणतात. म्हणणारे सरच.

आणि सुपडूबाबा म्हणजे पाटकरी. पांझरेवरच्या बंधाऱ्यातून हा पाट निघतो आणि दोन्ही गावांची शेतं भिजवतो. रीत अशी, की पाणी वळवायला शेतकऱ्यानं फावडं लावायचं नाही. शेत त्याचं, ऊस त्याचा, पण पाणी पाटकऱ्याचं. दोन्ही गावांनी मिळून एक माणूस नेमायचा; तोच पाटाची मातीची दारं मोडणार, तोच बांधणार, चार तास इकडं, चार तास तिकडं. बाबा वयाच्या विसाव्या वर्षी नेमले गेले. आता ते चौऱ्याऐंशीचे होते आणि अजून कुणी त्यांना काढलं नव्हतं.

सर इथं आले ते तेजलमुळे. तेजल चिंचटेकची, सरांकडे पीएच.डी. करणारी. तिला बोरटेकच्या भूषणशी लग्न करायचं होतं. मुलाला नोकरी होती, मुलीला अक्कल होती, पत्रिकाही जुळत होती. अडचण एवढीच, की सदतीस वर्षांपूर्वी याच आखाजीला या पाटावर दोन्ही गावं फावडी घेऊन एकमेकांवर धावली होती. बोरटेकच्या वामन अप्पांचा उजवा हात गेला. चिंचटेकच्या झिपरूनानांचा डोळा गेला.

तेव्हापासून पाटावरच्या फरशी पुलावर कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. शेजारच्या गावात जायला माणसं तीन कोस वळसा घालत.

लग्नाला दोन्हीकडची म्हातारी माणसं नाही म्हणत नव्हती. त्यांची एकच अट होती. भांडण ज्यांनी सुरू केलं, त्यांनी आधी पूल ओलांडून यायचं. चिंचटेक म्हणायचं, त्यांनी केलं. बोरटेक म्हणायचं, त्यांनी केलं. शेवटी तेजलनंच तोड काढली. जगाची भांडणं उकलणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे, तो सांगेल ते दोघांनी मानायचं. दोन्ही गावांनी मान डोलावली. आज चार वाजता पुलावर निकाल होता.

आणि आता एक वाजून गेला होता.

सरांनी दोन्ही गावांतल्या एकेचाळीस माणसांच्या जबान्या घेतल्या होत्या. एकेचाळीस माणसांनी एकेचाळीस पहिली फावडी सांगितली होती. राहिले होते सुपडूबाबा. त्या दिवशी पाटावर आधीपासून हजर असलेला एकमेव माणूस.

सरांनी बाबांना समजावून सांगितलं, की सुरुवात सापडल्याशिवाय शेवट करता येत नाही. उदाहरण म्हणून त्यांनी पहिलं महायुद्ध घेतलं. युरोपातल्या एका शहरात एका राजपुत्राची मोटार सकाळपासून चालली होती. चालक चुकीच्या रस्त्याला वळला. चूक लक्षात आली तशी त्यानं गाडी थांबवली, आणि ती थांबली नेमकी एका पिस्तूलवाल्या पोरासमोर. दोन गोळ्या. मग चार वर्षं, आणि लाखो माणसं.

बाबांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. अहिराणीतच बोलायचे ते. मी इथं सरळ करून सांगतो.

"ड्रायव्हर जेवला होता का?"

"काय?"

"सकाळपासून गाडी चालवत होता म्हणता. त्याला कुणी जेवायला घातलं होतं का?"

सरांनी वहीत पाहिलं. साडेसातशे पानांत ते नव्हतं.

"आणि रात्री घरी गेल्यावर बायकोला काय म्हणाला?" बाबा म्हणाले. "आज एक वळण चुकलं, म्हणाला असेल. ती म्हणाली असेल, हात धुवा..."

सर जरा तुटकपणे म्हणाले की हा इतिहास नव्हे.

बाबा उठले. कमरेत वाकलेलेच होते, त्यामुळे उठले हे पटकन कळलं नाही. त्यांनी फावड्यानं एक दार बांधलं, दुसरं मोडलं. पाणी क्षणभर बावरल्यासारखं थांबलं, मग वळलं आणि असं निघालं जसं काही त्याला आधीपासून तिकडेच जायचं होतं. बाबा परत येऊन बसले.

"सर, मी झोपलो होतो."

"कधी?"

"त्या आखाजीला. आत्ता तुम्ही बसलात तिथंच."

सर नकळत थोडे सरकले.

बाबांनी सांगितलं ते असं. तेव्हाही असंच ऊन होतं. सकाळी लेकीबाळी माहेरी आल्या होत्या, चिंचांना झोके बांधले होते. पाण्याची पाळी बोरटेकची होती, ती दुपारी संपणार होती. बाबा पुरणपोळी जेवून आले आणि इथं टेकले. डोळा लागला.

"आणि मी एका नदीवर होतो," बाबा म्हणाले.

नदी मोठी. पांझरेसारख्या शंभर नद्या तिच्या एका काठावर पाणी प्यायला बसल्या असत्या. काठावर फौज होती. परमुलखातली माणसं, दाढ्या वाढलेली, पायाला चिंध्या बांधलेल्या. घोड्यांचे खूर झिजलेले. कितीतरी दिवस पाऊस खाल्लेले ते लोक होते. भाल्यांवर शेवाळ चढलेलं. सगळे चिखलात बसून होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मधे एक तंबू. राजा तंबूत रुसून बसला होता, तीन दिवस बाहेर आला नव्हता.

"बियास," सर पुटपुटले. "ख्रिस्तपूर्व तीनशे सव्वीस."

"असेल. मला कुणी सन सांगितला नाही."

त्यातला एक शिपाई बाबांकडे आला. त्याची भाषा बाबांना कशी कळली हे विचारू नका, स्वप्नात कळते. तो म्हणाला, तू पाण्यातला माणूस दिसतोस, ही नदी उतरायला बरी आहे का? बाबांनी नदीकडे पाहिलं. उतार चांगला होता. गुडघ्याच्या वर पाणी लागलं नसतं. मग त्यांनी शिपायाच्या पायांकडे पाहिलं.

"मी म्हटलं, पाणी वाईट आहे. घरी जा."

"आणि?"

"त्यानं शेजारच्याला सांगितलं. शेजारच्यानं पुढच्याला. मग एकेक जण उठायला लागला..." बाबांनी हातानं दाखवलं, गोफण फिरली की पाखरं उठतात तसं. "हजारांनी, सर. सगळ्यांची तोंडं घराकडं. मला त्या वेळी अर्धी जाग आली होती. ऊन पायावर आलेलं कळत होतं, पाळी संपली हेही कळत होतं. पण वाटलं, सगळे फिरेपर्यंत थांबावं. मी मध्येच उठलो तर मागचे राहिलेले नदीत उतरायचे."

चिंचेवरचा कोकीळ गप्प झाला.

"मग थांबलो," बाबा म्हणाले.

जाग आली तेव्हा पाळी सरून तास झाला होता आणि पाणी अजून बोरटेकच्या उसात चाललं होतं. चिंचटेकनं ते पाहिलं. पाण्याला शेतकऱ्याचा हात लागत नाही ही रीत, म्हणजे बोरटेकनं रीत मोडली, पाणी चोरलं. बोरटेकनं पाहिलं की चिंचटेक फावडी घेऊन येतंय, म्हणजे रीत मोडून आपलं दार फोडायला येतंय. झोपलेल्या पाटकऱ्याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. पाटकरी झोपतो, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

सरांचा चेहरा उजळला. त्यांना सुरुवात सापडली होती. आणि कशी! एक चुकलेलं वळण, एक लागलेला डोळा. त्यांच्या ग्रंथाला शोभेल अशी. त्यांनी भराभरा लिहून घेतलं आणि मग लिहिता लिहिता थांबले.

"बाबा, हे तुम्ही सदतीस वर्षं लपवून ठेवलंत?"

"लपवलं कुठं? दुसऱ्याच दिवशी दोन्ही गावांत जाऊन सांगितलं."

"मग?"

मग असं झालं. चिंचटेकनं ऐकून घेतलं, आणि पंचांच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाले, बघा हा माणूस, भांडण मिटावं म्हणून चोरांचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतोय. त्यांनी बाबांना शाल पांघरली. बोरटेकनंही अगदी तसंच म्हटलं, आणि शालीवर नारळ दिला. त्याआधी ते नुसते सुपडू होते. त्या दिवसापासून लोक त्यांना बाबा म्हणू लागले. पाया पडू लागले. लांबून माणसं यायला लागली.

"मी जितकं सांगितलं की झोपलो होतो, तितका मी मोठा झालो," बाबा म्हणाले. "आता सांगायचं सोडलंय."

वाफेत बोरटेक थोडं डावीकडे सरकलं आणि परत आलं.

शेवटी सरांनी विचारलं, की मग चार वाजता मी काय सांगू? बाबा म्हणाले, जे सापडलं ते सांगा. सर म्हणाले, सापडली आहे तुमची झोप. ती सांगितली तर दोषी गाव उरत नाही, दोषी गाव नसेल तर आधी पूल कुणी ओलांडायचा? लग्न अडेल. बाबा म्हणाले, मग एकाचं नाव घ्या. सर म्हणाले, ते खोटं होईल.

"मग झोपच सांगा."

"तीच सांगतो. सत्य ते सत्य."

"सांगा," बाबा म्हणाले. "झिपरूनानाच्या डोळ्यात बघून सांगा. एकच आहे. तुम्हाला सोपं जाईल."

*

चार वाजता दोन्ही काठ माणसांनी भरले. आखाजी असल्यामुळे माहेरवाशिणी होत्या, पोरं होती, झोके सोडून आलेल्या पोरी होत्या. पूर्वी या दिवशी दोन्ही गावच्या बाया पाटाच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या द्यायच्या. तो आखाजीचा मानच असायचा. ज्या गावाला शिव्या कमी पडतील त्याचं वर्ष वाईट जायचं. खरं भांडण झालं तसं हे खोटं भांडण बंद पडलं. सदतीस वर्षं दोन गावांनी एकमेकांना एक शिवीसुद्धा दिली नव्हती.

पुलाच्या मधोमध सर एकटे उभे होते. हातात निकालाचा कागद.

पुलावर येण्याआधी तेजल त्यांच्या कानाशी लागली होती. म्हणाली होती, "सर, आमच्या गावाचं नाव घ्या. खरं असो की नसो. वडलांना मी सांभाळते."

सरांनी कागद उघडला. डाव्या हाताला चिंचटेक. पुढच्या रांगेत झिपरूनाना, डोक्याला फेटा, एक डोळा मिटलेला, दुसरा सरांवर. उजव्या हाताला बोरटेक. वामन अप्पा, सदऱ्याची उजवी बाही खिशात खोचलेली. दोघंही नटून आले होते. नव्या कपड्यांच्या घड्या दिसत होत्या. सदतीस वर्षं ज्याच्यासाठी थांबले ते आज ऐकायला मिळणार होतं.

सरांनी तोंड उघडलं.

वर चिंचेखाली सुपडूबाबा पाणी धरत होते. इकडे बघतही नव्हते.

...सरांनी तोंड मिटलं. कागदाची घडी घातली. मग तोंड पुन्हा उघडलं.

"मला सापडलं नाही," ते म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांना ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. ज्या माणसानं सगळ्या जगाला सुरुवाती शोधून दिल्या तो भर पुलावर, दोन गावांसमोर, आपल्याच विद्यार्थिनीसमोर म्हणाला की एवढ्याशा पाटावरच्या भांडणाची सुरुवात आपल्याला सापडली नाही. बोलता बोलता त्यांच्या कपाळावरून घाम निथळला आणि चष्म्यावर आला.

शांतता.

इतकी, की पाटातलं पाणी लाजून हळू वाहायला लागलं.

तेजलनं मान खाली घातली. भूषण पलीकडून तिच्याकडे बघत होता. झिपरूनाना काही बोलणार होते, तेवढ्यात बोरटेकच्या बायांतून एक आवाज आला. वामन अप्पांची थोरली बहीण अनुसयाबाई, वय पंच्याहत्तर, एकही दात नाही. तिनं पदर खोचला आणि सूर लावला:

"पुण्याचा पंडित, पोथ्या वाचतो बारा,
ह्याला भर माळावर सापडेना वारा."

चाल तीच होती. जुनी. बोरटेकच्या पोरींनी ती कधी ऐकली नव्हती, तरी त्यांनी ती उचलली. सरांचे कान लाल झाले.

चिंचटेकच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. पंडित आणला होता चिंचटेकनं. त्याला बोलायचं तर ते चिंचटेकनं बोलायचं, बोरटेक कोण? मागून कुणीतरी उत्तर दिलं:

"वारा सापडेना, त्याला दाखवू आम्ही घर,
बोरटेकच्या नवऱ्याला टोपी नाही वर."

भूषणनं डोक्याला हात लावला. टोपी खरंच नव्हती.

"टोपी आणू बाजारातून, लेक तुमची हुशार,
भाकर तिची फोडायला बोलवा गं सुतार."

मग काही राहिलं नाही. इकडून सासू काढली, तिकडून सासरा. इकडून म्हैस, तिकडून म्हशीचं शिंग. माहेरवाशिणी, म्हाताऱ्या, झोक्यावरच्या पोरी, सगळ्यांनी पदर खोचले. पुढच्या बाईला समोरची ऐकू येईना म्हणून ती पुढं सरकली, मागचीला ती ऐकू येईना म्हणून मागची पुढं आली. दोन्हीकडून शिव्यांचा असा पूर आला की मध्ये उभ्या असलेल्या सरांना दिसेनासं झालं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं काचा पुसू लागले. उजवी काच पुसली. डावी पुसली. डावीवर एक डाग होता, तो थोडा घासला.

चष्मा डोळ्यावर चढवला तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला बोरटेकच्या बाया उभ्या होत्या आणि उजव्या बाजूला चिंचटेकच्या. अनुसयाबाई तेजलची हनुवटी धरून तिचे दात मोजत होती. झिपरूनाना पूल ओलांडून पलीकडच्या काठावर पोचले होते आणि वामन अप्पा अलीकडच्या, आणि आता दोघंही तिथं उभं राहून आपण इथं कसे आलो याचा विचार करत होते.

आधी पाऊल कुणाचं पडलं, हे दोन्ही गावांत कुणालाच सांगता येईना. चिंचटेक म्हणालं, आपण मधल्या माणसाला विचारू. तो तर पुलाच्या बरोबर मध्ये होता.

सगळे सरांकडे वळले.

सरांच्या हातात अजून सदऱ्याचं टोक होतं.

लग्न वैशाखातच ठरलं.

*

ऊन कलल्यावर सर वर आले. गावं आता जमिनीला टेकली होती. खालून अजून गाणी ऐकू येत होती; दोन्हीकडचा सदतीस वर्षांचा साठा बाहेर येत होता.

बाबा फावडं खांद्यावर टाकून उभे होते. सर त्यांच्यासमोर येऊन थांबले.

"बाबा, मी खोटं बोललो. मला सापडलं होतं."

"काय सापडलं होतं?"

"तुम्ही झोपला होता, ते."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच."

"झोपलेल्या माणसाची साक्ष चालते का तुमच्यात?"

सरांनी वही मिटली. मग एखादा शाळकरी मुलगा विचारतो तसं त्यांनी विचारलं:

"मी तिथं होतो, बाबा. अगदी मधोमध. सगळं आयुष्य मी त्या एका क्षणाच्या शोधात घालवलं, आणि तो माझ्यासमोरून गेला तेव्हा मी... मला एवढंच सांगा. तुम्ही इथं उंचावर होता. तुम्हाला सगळं दिसत असणार. आधी कुणी ओलांडला पूल?"

बाबांनी खाली पाहिलं. सरांच्या बुटांपाशी.

"सर, जरा बाजूला व्हा. पाणी तुमच्या पायाशी अडलंय."